लग्नात गॉगल, बर्फात उघडे डोळे

मराठी माणूस गॉगल कुठे कुठे घालतो, याची एकदा सरकारी खर्चाने पाहणी व्हायला हवी. रात्री साडेनऊच्या वरातीत, डीजेच्या गाडीपुढे नाचताना घालतो. चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’ म्हणून हात जोडून उभा असतो तेव्हा घालतो. मतदारांच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटत असेल, तेवढं आपण समजून घेऊ. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, जिथे भर दुपारी दिवे लावावे लागतात, तिथे घालतो. उरलेल्या वेळात तो गॉगल कपाळावर, मानेमागे किंवा शर्टाच्या दुसऱ्या बटणात लटकत असतो. म्हणजे डोळे सोडून बाकी सगळ्या अवयवांचं उन्हापासून चोख रक्षण होतं.

आणि हाच गृहस्थ एक दिवस रोहतांगला पोचतो. उंची 3978 मीटर. वर निळंशार आकाश, खाली, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना पांढराफटक बर्फ, वेळ दुपारी बाराची. जन्मात पहिल्यांदा तो अशा जागी उभा आहे, जिथे गॉगल ही चैन उरत नाही, औषध होतो. तिथे तो काय करतो? गॉगल काढतो! कारण मोबाइल घेतलेल्या मेहुण्याने हुकूम सोडलेला असतो, “भावजी, गॉगल काढा, फोटोत डोळे दिसत नाहीयेत.”

फोटोत डोळे मग दिसतात का? छे. समोरून, खालून, सगळीकडून येणाऱ्या उजेडाने ते घट्ट मिटलेले असतात. कपाळाला आठ्या, गालाच्या सुरकुत्या, लिंबू चोखल्यासारखं तोंड आणि खाली ओळ: ‘स्वर्ग अनुभवताना’. तुमच्या व्हॉट्सॲपवर असे शेकडो स्वर्गवासी पडलेले असतील. एकदा निरखून बघा, एकाचेही डोळे उघडे नसतात.

आपली बर्फातली एकूण तयारीच मोठी शास्त्रोक्त असते. सहलीला निघायच्या आधी एक यादी येते. तिच्यात थर्मल, दोन स्वेटर, लोकरीचे मोजे, हातमोजे, कोल्ड क्रीम, ओठांना लावायचं व्हॅसलिन, कापूर (हुंगायला, उंचीवर तो नेमकं काय करतो हे मला आजवर एकाही मनुष्याने समजावून सांगितलेलं नाही), लसणाची चटणी, भाकरवडी, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत माकडटोपी. माकडटोपी हे आपल्या पर्यटनसंस्कृतीचं राष्ट्रचिन्ह आहे. तिची रचना नीट बघा. कान झाकते, मान झाकते, हनुवटी झाकते, कपाळ झाकते. माणसाच्या चेहऱ्याचा जो एकमेव भाग बर्फात आधी झाकायला हवा, तेवढाच बरोबर उघडा ठेवून ती बाकी सगळं झाकते. इतकी अचूक चूक करायला सुद्धा प्रतिभा लागते.

यादीत गॉगल असलाच तर शेवटून दुसरा असतो, आणि त्यापुढे कंसात लिहिलेलं असतं: ‘ऐच्छिक’. खाली ‘सुकामेवा’. तो आवश्यक.

आता थोडा शास्त्रार्थ. कंटाळू नका, तुमच्यासारख्यांना हे दोन ओळींत कळेल. ज्यांना कळायला हवं ते मघाशीच भाकरवडीवर थांबलेत. ऊन म्हटल्यावर आपल्याला आठवतं ते तापणं. घाम, चटके, मे महिना, विदर्भ. म्हणून थंडी वाजत असली की ऊन नाही, असा आपला हिशेब. पण डोळे जाळतो तो सूर्याचा तापवणारा भागच नव्हे. ते काम अतिनील किरणांचं, आणि ते ना दिसतात ना जाणवतात. उणे पाच अंशांत तुमच्या दातांवर दात वाजत असताना ते शांतपणे आपलं काम उरकत असतात. वर चढाल तसं हवेचं पांघरूण विरळ होतं आणि दर 1000 मीटरला हे किरण 10 ते 12 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे दादरच्या चौपाटीवरून उठून रोहतांगला गेलात की चाळीस-पन्नास टक्क्यांची वाढ नुसती उंचीच्या खात्यावर.

हे झालं वरून येणारं. खरा उच्छाद खालून आहे. गवत, माती, पाणी यांच्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी दहा टक्केही परत उसळत नाहीत. कोरडी वाळू साधारण 15 टक्के परत करते. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. ऐंशी! आपल्याकडे उसनं दिलेलं कुणी इतक्या प्रामाणिकपणे परत केलं असतं तर निम्म्या सहकारी पतपेढ्या आज चालू असत्या.

आता देवाने, निसर्गाने, जो कोणी तुमच्या मते जबाबदार असेल त्याने, डोळ्यांचं संरक्षण कसं केलंय बघा. भुवई वर आहे. कपाळाचं हाड पुढे आलेलं आहे. डोळा खोबणीत आत बसवला आहे. वरची पापणी मोठी, खालची नाममात्र. सगळी तटबंदी वरून येणाऱ्या शत्रूसाठी. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत या वास्तूला असा अनुभवच नव्हता की ऊन जमिनीतून वर येईल. बर्फात ते येतं. त्यामुळे ‘मी टोपी घातली आहे’ म्हणून छाती पुढे काढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. क्रिकेटची टोपी पुढे ओढून बर्फात उभं राहणं म्हणजे पूर आलेला असताना छत्री उघडणं. आणि तळहात कपाळाला लावून लांब बघायची ती आपली पिढीजात पोझ? फोटोला उत्तम. बाकी शून्य.

गंमत अशी की हे सगळं घडत असताना काहीच होत नाही. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, भाजून निघतो. पण वरच्या थरातल्या पेशी मरून गळून पडायला वेळ लागतो. सहा ते बारा तास. त्या गळल्या की खालचे मज्जातंतू उघडे पडतात, आणि कॉर्नियाइतके दाट मज्जातंतू शरीरात फार थोड्या जागी असतील. म्हणजे गुन्हा दुपारी, पंचनामा मध्यरात्री. मधल्या काळात गुन्हेगार सूर्य मावळून गेलेला असतो आणि शिक्षा कुणालाही होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण हिमालयातल्या तंबूत बसून कुणीतरी रचली असावी असा माझा दाट संशय आहे.

तंबूतलंच सांगतो. उत्तराखंडात केदारकंठा नावाचं 3810 मीटरचं शिखर आहे. पायथ्याला सांक्री गाव. हिवाळ्यात तिथे इतकी मराठी ऐकू येते की चहावालाही ‘साखर कमी?’ असं विचारायला लागलाय. शिखर चढायला निघतात पहाटेच्या काळोखात, डोक्याला विजेरी लावून, म्हणजे सूर्योदय वरून दिसावा. आता काळोखात निघताना गॉगल कोण घेतं? तो तंबूतच राहतो, बॅगेच्या तळाला, भाकरवडीच्या पुडक्याखाली. मग सूर्योदय होतो. टाळ्या, ‘हर हर महादेव’, ‘जय शिवाजी’, झेंडा, फोटो, दुसरा झेंडा, परत फोटो. आणि त्यानंतर दुपारपर्यंत अख्खा उतार बर्फातून, उघड्या डोळ्यांनी, सूर्याच्या साक्षीने. ज्या सूर्याला बघायला गेलो त्याच्यासाठीची वस्तूच तेवढी तंबूत ठेवून गेलो! असा भक्त कुठल्याही दैवताने अजून पाहिला नसेल.

अशाच एका परतलेल्या तुकडीबरोबर मी रात्री जेवायला बसलो होतो. त्यात आयटीतला एक तरुण होता. अंगावरचं जाकीट माझ्या पहिल्या स्कूटरहून महाग. पायांत गुडघ्यापर्यंत बर्फरोधक पट्टे, मनगटावर उंची, दाब, ठोके आणि बहुधा मोक्षापर्यंतचं अंतर दाखवणारं घड्याळ. जेवता जेवता त्याचे डोळे चुरचुरायला लागले. मग पाणी. मग वाळू गेल्यासारखं खुपणं. मग पापणी उघडेना, आणि कुणी विजेरी जरी पेटवली तरी तो ओरडायला लागला. चेहरा सुजून लाल.

तंबूत ताबडतोब परिसंवाद भरला. एकाने ठणकावून सांगितलं, स्वयंपाकाच्या तंबूतला धूर. दुसरा म्हणाला ऑक्सिजन कमी पडतोय. (डोळ्यांना? खास त्यांनाच?) तिसऱ्याने राजम्यावर शंका घेतली. गटप्रमुख अनुभवी, तो म्हणाला, “सर, आँखों में ठंड बैठ गई है.” मग उपचार सुरू झाले. एका काकूंनी गुलाबपाणी काढलं, दुसऱ्या काकूंनी नागपूरहून आणलेलं घरचं तूप. कुणीतरी मध सुचवला. एका जाणकाराने डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगितलं. पण आचाऱ्याने बटाटे द्यायला साफ नकार दिला, सकाळच्या पराठ्यांना कमी पडले असते. त्या रात्री त्या तंबूत झालेला तेवढा एकच शास्त्रशुद्ध निर्णय.

या सगळ्या पदवीधरांच्या जागी भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधला वेल्डिंगचा हेल्पर बसवला असता तर त्याने एका नजरेत निदान केलं असतं. कारण काच न धरता ठिणगीकडे बघितलं की रात्री दोनला त्याचेही डोळे असेच पेटतात. आजार तोच, अतिनील किरण तेच, फक्त एकाला पगार मिळतो आणि दुसऱ्याने पैसे मोजलेले असतात. हेल्परला हे पहिल्या आठवड्यात कळतं. इंजिनिअरला कळायला शिखर लागतं.

खरा उपचार अगदी नीरस आहे, म्हणून तो कुणी सांगत नाही. अंधारात पडून राहायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढायच्या. डोळे चोळायचे नाहीत. थंड पाण्याची घडी वरून, बंद पापणीवर. डॉक्टरांच्या सांगण्यावरून डोळ्यांना ओलावा देणारे थेंब आणि पोटात घ्यायची वेदनाशामक गोळी. एक ते तीन दिवसांत बहुतेकांचे डोळे भरून येतात. म्हणजे कॉर्निया भरून येतो, तुमचे भरून येणं वेगळं. दुखणं थांबलं नाही किंवा धूसर दिसत राहिलं तर डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. आणि डॉक्टर तपासताना जे सुन्न करणारे थेंब घालतात, त्यांची बाटली गोड बोलून घरी आणायची नाही. ते पुन्हा पुन्हा घातले की जखम भरतच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडे निघालेले कॅप्टन स्कॉटचे लोक या दुखण्यावर डोळ्यांत चक्क कोकेनच्या गोळ्या ठेवायचे. हे वाचून उगाच हुरळू नका. त्यांच्याकडे घरचं तूप नव्हतं.

आता प्रतिपक्षाकडे वळू. त्याचे दोन पंथ आहेत आणि दोन्ही सारखेच तोऱ्यात असतात.

पहिला पंथ निसर्गशुद्धतावाद्यांचा. “डोंगर कसा उघड्या डोळ्यांनी अनुभवावा! मध्ये काच कशाला?” हे बोलताना त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि डोंगर ते त्याच्या पडद्यावरच बघत असतात. निसर्गाशी थेट नातं हवं असेल तर ते थर्मल, ते जाकीट, ते पट्टे, तो तंबू उतरवून ठेवा आणि बसा बर्फात. मग आपण नात्याबद्दल बोलू. कातडीला नात्यातून सूट, पायांना सूट, फुप्फुसांसाठी कापूर, आणि अद्वैत फक्त डोळ्यांनी साधायचं? हे कुठलं दर्शन? यांना असं वाटतं की बर्फाचा गॉगल ही शहरी नखरेल लोकांची परवाची टूम आहे. आर्क्टिकमधल्या इनुइटांच्या पूर्वजांनी हाड, लाकूड आणि वॉलरसचे सुळे कोरून, मधे अरुंद फट ठेवलेले चष्मे केले, त्यातले जुने नमुने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. काच नाही, रंग नाही, नुसती एक चीर. उजेड कापला जातो आणि लांबचं उलट जास्त रेखीव दिसतं. तिबेटात याकच्या केसांची जाळी डोळ्यांवर बांधायचे. ग्रीक सेनानी झेनोफनने तर ख्रिस्तपूर्व 401-400 च्या हिवाळ्यात आर्मेनियाच्या बर्फातून सैन्य परत नेताना डोळे गेलेल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलंय, आणि चालताना डोळ्यांपुढे काहीतरी काळं धरावं हा उपायही. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक शिपायाला जे कळलं होतं ते आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर ‘ऐच्छिक’ आहे.

दुसरा पंथ जास्त धोकादायक, कारण त्याच्याकडे पुरावा असतो. “तिथले लोक कुठे घालतात गॉगल? तो घोडेवाला बघा, तो पोर्टर बघा. त्यांना काही होतं का?” होय, काका, होतं. तुम्ही त्यांच्याकडे फक्त घोड्याचा भाव करताना बघता. एकदा त्यांच्या डोळ्यांत बघा. चाळिशीच्या आत लाल झालेले, कोपऱ्यातून बुबुळाकडे मांसल पडदा सरकत आलेले डोळे दिसतील. वर्षानुवर्षं अतिनील किरण झेलले की हे होतं, मोतीबिंदूही लवकर गाठतो. त्यांना सवय झालेली नाही, त्यांना पर्याय मिळालेला नाही. गरिबाकडे एखादी वस्तू नसणं हा ती वस्तू अनावश्यक असल्याचा पुरावा मानायचा असेल तर मग दवाखाना, शाळा आणि दोन वेळचं जेवण यांचंही काही खरं नाही. आणि हो, ज्याला परवडतो तो स्थानिक गॉगल घालतोच. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या अंगावर, 3900 मीटरच्या वर, जाऊन बघा. तिथला स्कीइंग शिकवणारा काश्मिरी पोरगा गॉगलशिवाय एक पाऊल टाकत नाही. उघड्या डोळ्यांनी असतो तो त्याचा विद्यार्थी. तो ठाण्याचा.

आणि सैन्य? सियाचिनच्या जवानाला जी हिवाळी सामग्री मिळते त्यात स्नो गॉगल असतो, आणि तिथे त्याच्यापुढे ‘ऐच्छिक’ लिहिलेलं नसतं. कॅगचा जो अहवाल फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेपुढे आला, त्यात उंचावरच्या जवानांसाठीच्या स्नो गॉगलच्या तुटवड्यावर ठपका ठेवलेला आहे. देशाच्या हिशेबतपासनिसाला हा विषय गंभीर वाटला. फौजेबद्दल उठता-बसता ऊर भरून येणारे आमचे काका मात्र गॉगलला ‘नट-नट्यांची फॅशन’ म्हणतात.

या काकांसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. 4 जून 1924 रोजी एडवर्ड नॉर्टन नावाचा इंग्रज एव्हरेस्टवर कृत्रिम प्राणवायूशिवाय 8573 मीटरपर्यंत पोचला. प्राणवायूविना उंचीचा हा विक्रम पुढे 54 वर्षं टिकला, यावरून त्याच्या दमाची कल्पना करा. खडकाळ, निसरड्या उतारावर पाय कुठे पडतोय ते नीट दिसेना, म्हणून त्याने गॉगल काढून ठेवला. आजूबाजूला खडकच जास्त, बर्फ कमी, काय व्हायचंय? खाली नॉर्थ कोलच्या तळावर पोचला आणि रात्री डोळे गेले. पुढचे साधारण 60 तास ठार आंधळा. 6 जूनला त्याचे सहकारी मॅलरी आणि आयर्विन शेवटच्या चढाईला निघाले तेव्हा मोहिमेचा हा प्रमुख तंबूत पडून होता, त्यांना जाताना तो पाहूही शकला नाही. ते दोघे परत आले नाहीत. 1999 मध्ये मॅलरीचा मृतदेह सापडला तेव्हा गॉगल त्याच्या खिशात होता, आणि त्यावरून लोक आजही वाद घालतात की तो अंधार पडल्यावर उतरत होता. बघा, एव्हरेस्टच्या इतिहासात गॉगल डोळ्यांवर होता की खिशात, याला एवढं महत्त्व आहे. नॉर्टनने काढला तर त्याच्याकडे निदान कारण होतं. भावजींकडे मेहुणा होता.

ढगांबद्दल मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. आज ढग आहेत म्हणून गॉगल खोलीवर ठेवून जाणारे पाहिले की मला जयद्रथ आठवतो. सूर्य मावळला असं वाटून बिचारा बाहेर आला, आणि कृष्ण म्हणाला, हा सूर्य आणि हा जयद्रथ. पुढचं तुम्हाला पाठ आहे. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा हिस्सा बिनबोभाट खाली येतो आणि बर्फ तो इमानेइतबारे वर पाठवतो. उलट डोळे दिपत नाहीत म्हणून आपण डोळे मिचकावत नाही, टक्क उघडे ठेवून फिरतो. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो, नाटकांतून पाहिली, टीव्हीवर पाहिली. आणि बर्फात पोचल्यावर आपण कुणाच्या बाजूने लढतो? जयद्रथाच्या.

बरं, ज्यांना पटलं ते गॉगल घेतात कुठे? मनालीहून वर जाताना रस्त्याच्या कडेला भाड्याच्या कपड्यांची नंबर घातलेली दुकानं लागतात. गाडी ठरलेल्या दुकानापाशीच थांबते. का, ते ड्रायव्हरला माहीत. आधीच्या पाच पिढ्यांच्या घामाचा सुवास असलेला तो रंगीत अंगरखा आपण चढवतो, दोन्ही पायांना दोन मापांचे गमबूट घालतो आणि निघताना काउंटरवरचा काळाकुट्ट गॉगल उचलतो. काचेवर सोनेरी स्टिकर: ‘यूव्ही 400’. स्टिकर छापायला किती खर्च येतो, तुम्हीच सांगा.

काळं म्हणजे सुरक्षित, ही आपली आणखी एक ठाम अंधश्रद्धा. काचेचा काळेपणा दिसणाऱ्या उजेडाशी संबंधित. अतिनील किरण अडवणं हे वेगळंच काम, आणि ते बिनरंगाची चांगली पॉलिकार्बोनेट काचही करते. उलट काच नुसतीच काळी असेल तर तिच्याआड बाहुली मोठी होते, डोळा निर्धास्त उघडा राहतो, आणि जे अडवायचं होतं ते आत जायला दार अधिक रुंद. पोलराइज्ड म्हणजेही आपोआप अतिनीलरोधक नव्हे; त्याने चकाकी मरते, एवढंच. भरवशाच्या दुकानातून, 400 नॅनोमीटरपर्यंतचे सगळे किरण अडवणारा घ्या. दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एक आकडा असतो, शून्य ते चार. बर्फाला तीन चालतो. हिमनदीवर किंवा फार उंचावर तासन्‌तास राहणार असाल तर चार, पण तो इतका गडद असतो की घालून गाडी चालवायची नाही. आणि आकार बघा. त्या फॅशनेबल, अंगठ्याच्या नखाएवढ्या काचा बर्फात घालण्यापेक्षा डोळ्यांना गंध लावा. गॉगल मोठा हवा, गालाला आणि कपाळाला लगटून बसणारा, बाजूने बंद. खालून-बाजूने येणारा उजेड अडला नाही तर घातला काय, नाही काय. नंबरचा चष्मा असेल तर नंबरचाच गॉगल करून घ्या. चष्म्यावर गॉगल आणि गॉगलवर माकडटोपी हे शिल्प मी सोलांगला पाहिलेलं आहे, आणि ते चालताना घोड्यावर आदळलं होतं.

सगळ्यात चीड येते ती पोरांचं बघून. बर्फावर एक चार वर्षांचं पोर उभं असतं. गुलाबी अंगरखा, हाताच्या दुप्पट हातमोजे, गालाला दोन बोटं क्रीम. आई हातमोजा दर दोन मिनिटांनी नीट करते. बाबा व्हिडिओ काढतात. आजी ‘सर्दी होईल’ म्हणून कानावरची टोपी ओढते. पोर डोळे चोळतंय, मान फिरवतंय, आईच्या कुशीत तोंड लपवतंय. “अगं इकडे बघ ना, बर्फ बघ! कित्ती छान!” त्याला जे दिसतंय ते सहन होत नाहीये, हे तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही दिसत नाही. आणि लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग मोठ्यांपेक्षा पारदर्शक असतं. मागच्या पडद्यापर्यंत जास्त किरण पोचतात, म्हणजे गॉगलची गरज सर्वांत जास्त त्या पोरीलाच. तिच्यासाठी घेतलेला असतो तो दहा मिनिटांत तुटणारा, मांजराच्या कानांचा, पिवळ्या काचांचा. आणि आई-बाबांचे? दोघांच्याही डोक्यावर. केस नीट बसावेत म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे की बर्फ बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने अज्ञानाला साधेपणा म्हणणं बंद करावं. हजारो रुपये मोजून, विमानाने, रेल्वेने, रात्रभर व्होल्व्होत ओकत जिथे पोचतो ते बघण्यासाठीच ना? मग ज्यांनी बघायचं त्यांनाच पहिल्या दिवशी दुपारी भाजून पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून पडायचं, ही कुठली काटकसर?

तेव्हा या हिवाळ्यात निघण्यापूर्वी आयोजकाला फोन करा आणि विचारा, ‘यादीत गॉगल आवश्यकमध्ये आहे की ऐच्छिकमध्ये?’ तो हसला तर आयोजक बदला. घरातल्या सर्वांत लहान पोराचा गॉगल आधी घ्या, मग आजीचा, मग तुमचा. शिखराला पहाटे निघालात तरी तो बॅगेत नको, जाकिटाच्या वरच्या खिशात असू द्या, आणि सूर्य वर आला की झेंड्याआधी बाहेर काढा. एक जास्तीचाही घ्या. वाटेत तुमची बॅग पाठीवर घेऊन तुमच्या पुढे चालणाऱ्या पोर्टरकडे बहुतेक वेळा तो नसतो.